पेशावर ऐकायला कारंज्याला गेले

कारंज्याहून आल्यापासून आसेगावातली एकेक बाई ओट्यावर येऊन विचारते, "बुढीमाय, रेडिओ कसा असते?" पहिल्या चार-सहा जणींना नीट सांगितलं. मग कळलं, की ऐकून गेलेली बाई पुढच्या बाईला माझ्यापेक्षा चांगलं सांगते. एकीच्या सांगण्यात तर रेडिओला दाढी होती आणि तो पेशावरचा पठाण होता. म्हणून जे पाहिलं ते लिहून ठेवते. ज्यांना वाचता येतं त्यांनी बाकीच्यांना वाचून दाखवावं, आपल्या पदरचं घालू नये.

आम्ही रेडिओ पाहायला गेलो नव्हतो, घर पाहायला गेलो होतो. माझी नात सुमन लग्नाची झाली. तिला कारंज्याच्या भास्करचं स्थळ सांगून आलं. मुलगा कापसाच्या जिनात कारकून, आईबापांचा एकुलता एक, खाऊन-पिऊन सुखी, शिवाय घरात रेडिओ. माझा मुलगा वसंता, म्हणजे सुमनचा बाप, त्या शिवायवरच तयार झाला. मी म्हटलं, घर पाहिल्याशिवाय मुलगी द्यायची नाही आणि पाहायला मी येणार.

त्याचं कारण होतं. थोरली नात आम्ही माडी पाहून दिली. माडीचं घर मिळालं म्हणून गावभर सांगत सुटलो. त्या माडीवर तिचा सासरा झोपतो. त्याचा तांब्या, त्याचं ताट, हिवाळ्यात त्याची शेगडी, सगळं ती खालून वर नेते आणि वरून खाली आणते. तिचे गुडघे आता माझ्यापेक्षा जास्त वाजतात. माडी सगळ्यांनी पाहिली होती, जिना कोणी पाहिला नव्हता. सुमनच्या वेळी मला जिना पाहायचा होता.

मंगरूळच्या वाटेवर

वैशाखाचं ऊन म्हणून पहाटेच छकडा जुंपला. मी मागे गादीवर, वसंता हाकायला. दशम्या, ठेचा, कांदे आणि कैऱ्या एवढं बांधून घेतलं होतं. वसंताने नवीन टोपी घातली होती. मंगरूळ यायच्या आत ती धुळीने जुनी झाली.

मंगरूळच्या अलीकडे डाव्या चाकाची धाव सैल झाली. उन्हाने लाकूड आकसतं आणि वरची लोखंडी पट्टी निघून यायला लागते. वसंताने उतरून चाकाला चार शिव्या दिल्या. त्याने पट्टी घट्ट झाली नाही. अशा वेळी चाक भिजवून फुगवावं लागतं, आणि नाल्यात पाहावं तर नुसती वाळू. तेवढ्यात तांड्यावरची एक बाई डोक्यावर दोन घागरी घेऊन आली. मी पाणी मागितलं.

"प्यायले देतो," ती म्हणाली. "चाकाले कायले देऊ? दोन टेकड्या उतरून आणलं."

मी तिला कैऱ्या आणि कांदे दिले. तेव्हा तिने एक घागर उतरवली आणि स्वतःच धार धरून चाकावर फिरवली. वसंताला धरू दिली नाही, म्हणाली, सांडशील.

"कुठं चालले?" तिने विचारलं.

"कारंज्याले. पोट्टा पाहाले."

वसंता मध्येच म्हणाला, "त्याच्या घरी रेडिओ हाय. हजार कोसावरचं ऐकू येते."

"आमच्या तांड्याच्या नायकाले बी हजार कोसावरचं ऐकू येते," ती म्हणाली. "कोण्या गावात कोणाचा बैल विकला, सगळं मालूम. घरातून बायको हाक मारते, तेवढं ऐकू येत नाही."

वसंताला हसू आलं नाही. चाक फुगलं, धाव बसली, आम्ही निघालो. मुक्काम मंगरूळला एका ओळखीच्या घरी केला. तिथे ढेकूण होते. त्याहून जास्त सांगण्यासारखं काही नाही.

कारंजा, पहिली संध्याकाळ

दुसऱ्या दिवशी ऊन उतरता कारंज्यात शिरलो. कापसाचा बाजार या दिवसांत ओस असतो. गाड्यांच्या चाकोऱ्या तेवढ्या दिसतात, आणि बाभळीला अडकलेला कापूस. शहराचं एक मला कळलं नाही. घरं एकाला एक चिकटून, आणि दारं मात्र बंद. आमच्याकडे घरं लांब लांब आणि दारं उघडी.

भास्करचं घर विचारावं लागलं नाही. कौलांवर दोन उंच बांबू, त्यांच्यामध्ये तांब्याची तार आणि तारेवर एक कावळा. अंगणात भास्करचे वडील नारायणराव उभे होते. माणूस गोरा, पोट पुढे, अडतीत दलाली करून आता घरी बसलेला. "या या," म्हणाले. "रेडिओ पाहाले आले ना?"

"पोराले पाहाले आलो," मी म्हटलं.

"तो बी हाय," ते म्हणाले.

पाय धुतले. अंगणाच्या कोपऱ्यात एक जुनी पहार अर्धी जमिनीत गाडलेली दिसली. तिच्या गळ्याला तांब्याची तार गुंडाळलेली, भोवती लहानसं आळं, आळ्यात मीठ पसरलेलं. आणि बाकी सगळं अंगण भेगाळलेलं असताना तेवढी जागा ओलीगच्च. मी समजले, घरचं दैवत असेल. कोणाच्या घरी म्हसोबा असतो, कोणाचा वीर असतो, पाहुण्याने विचारू नये. मी हात जोडले आणि बटव्यातली एक सुपारी आळ्यात ठेवली.

भास्करची आई गंगाबाई पाण्याचा तांब्या घेऊन मागे उभी होती. माझं होऊ दिलं आणि मग म्हणाली, "आजी, तो रेडिओचा खांब हाय. त्याची जमीन वल्ली ठेवा लागते, मीठ टाका लागते, नाही तं दूरचं ऐकू येत नाही. असू द्या, मी बी पहिले महिनाभर हळदकुंकू वाहत होतो."

"मग काहून सोडलं?"

"पाणी वाहूनच हात दुखाले लागले."

हे वाक्य मी पुन्हा मनात म्हणून पाहिलं. जिना सापडला असं वाटलं.

आत गेलो. सोप्यात कोनाडा होता, कधीकाळी देव्हाऱ्याचा असावा. त्यात रेडिओ बसवला होता. आमच्या धान्याच्या कोठीच्या झाकणाएवढी लाकडी पेटी, वर विणलेला रुमाल आणि रुमालावर मोगऱ्याचा गजरा. देव कुठे गेले म्हणून पाहिलं, तर स्वयंपाकघरात, मसाल्याच्या डब्याशेजारी. खाली एक काळी बॅटरी. ती मोटर स्टँडवर भरून आणावी लागते आणि तोवर घरात सुतक असतं, असं नारायणरावांनीच सांगितलं.

भास्कर जिनातून आला. सडपातळ, चष्मा लावणारा, पाया पडला आणि लगेच पेटीसमोर बसला. दिवेलागण झाली होती. दिवसा दूरचं येत नाही, सूर्य बुडाला की येतं, असं तो म्हणाला. त्याने कान पेटीला लावला आणि खुंटी एवढी हळू फिरवायला लागला, की आमच्याकडे नवजात पोराची टाळूसुद्धा एवढ्या जपून चोळत नाहीत. पेटीतून कढईत मिरची टाकल्यासारखा आवाज येत होता. मग माणूस बोलला.

"दिल्ली," भास्कर म्हणाला आणि खुंटी फिरवली. पुन्हा मिरची. मग दुसरा माणूस. "मद्रास." फिरवली. मग एक बाई गायला लागली. फार गोड गळा. माझ्यासारखीचंही डोकं हलायला लागलं. तिचं पहिलं कडवं संपलं, मध्ये कोणीतरी दोन शब्द बोललं.

"लाहोर," भास्कर म्हणाला आणि फिरवली.

"अरे, ती बाई गाऊन राह्यली होती ना," मी म्हटलं.

"लाहोर झालं, आजी. सापडलं."

"सापडलं तं ऐक."

"ऐकाचं काय? ते पहिले बी सापडलं होतं."

आमच्या दारी वासुदेव येतो, तर त्यालाही आम्ही गाणं पुरं करू देतो आणि मग पीठ घालतो. इथे लाहोरच्या बाईला अर्ध्यात दार लावलं. मी विचारलं, अजून सापडायचं काय राहिलं? भास्करचा चेहरा एकदम उजळला.

"पेशावर. दोन वर्षं झाले, पकडून राह्यलो. एकदा आलं होतं, पण नाव सांगाच्या आधीच गेलं."

"पेशावरात तुमचं कोण हाय?"

"कोणी नाही."

"तिथं कोणती भाषा बोलतात, तुले समजते?"

"नाही."

"मग?"

"लय दूर हाय, आजी."

वसंताने माझ्याकडे असं पाहिलं, जसं काही जावई पेशावर जिंकून आला आहे. तेवढ्यात आतून गंगाबाईची हाक आली, "भास्कर, जेवाले ये." तो पेटीला कान लावून होता. "भास्कर, ताट वाढलं." कान तसाच. "भास्कर, निवून राह्यलं रे." काही नाही. मला तांड्यावरची बाई आठवली.

जेवायला आमरस आणि कणकेचे, काडीवर वळायचे सरगुंडे होते. सरगुंडे चांगले वळलेले. रसात पाणी होतं. हात धुताना नारायणरावांनी जाहीर केलं, उद्या संध्याकाळी वकीलसाहेब, हेडमास्तर आणि शेठजी येणार आहेत, पाहुण्यांच्या समोर पेशावर लागणार. वसंता म्हणाला, "वा." मला कोणी विचारलं नाही.

कारंजा, दुसरा दिवस

सकाळी उठले, तर गंगाबाई परसात आडावर पाणी काढत होती. कारंज्यात नळ आहे म्हणतात. तो त्यांच्या गल्लीत आलेला नाही. आड अरुंद आणि खोल. दोराला दोन जागी गाठी, कारण पाणी खाली गेलं तसा दोर वाढवावा लागला. गाठ रहाटावर आली की अडते, मग एका हाताने दोर धरायचा आणि दुसऱ्याने गाठ सोडवून पुढे ढकलायची. तिचा उजवा दंड सुजलेला होता.

"गडी नाही?" मी विचारलं.

"गडी कुठला? स्वयंपाकाचं, धुण्याचं, गाईचं पाणी मीच काढतो. आन् हे खांबाचं. सकाळ-संध्याकाळ दोन दोन घागरी. वैशाखात आळं दुपारीच तोंड वासते."

"पोरगा काय म्हणते?"

"त्यानं खांब गाडला तवा बापाले सांगतलं, जमीन वल्ली ठेवा. बापानं मले सांगतलं." ती हसली. "आता सून आली का मी तिले सांगीन."

मनात वाईट काही नव्हतं तिच्या. तिला तोच नियम वाटत होता. जसा आमच्या थोरलीच्या सासूला जिना वाटला. पण ती सून म्हणजे माझी सुमन होती. मी तिथेच आडाच्या काठावर बसले.

"गंगाबाई, आज खांबाले पाणी घालू नका."

तिने दोर सोडता सोडता धरला. "काहून?"

"दंड पाहा तुमचा. एक दिवस घातलं नाही तं पेशावर कुठं पळून जात नाही."

"आजी, आज वकील येऊन राह्यले. भास्कर ओरडीन ना."

"ओरडीन तं बरं. मले तेच पाहाचं हाय. पोराले पाहाले आलो, आन् आल्यापासून पेटीच पाहून राह्यलो. माही नात इथं पाणी भरीन, का तिच्यासंगं तो बी भरीन, हे मले आज समजलं पाह्यजे. ओरडला तं उद्या छकडा जुंपतो, सुमन देत नाही. तुमाले बी वाईट वाटून घेऊ नका."

गंगाबाईने धरलेला दोर वर ओढला. मग घागर उचलून गाईकडे गेली. तिने खांबाला पाणी घातलं नाही, सकाळीही नाही आणि संध्याकाळीही नाही. दुपारच्या जेवणालाच आळ्यातल्या मिठाची पापडी झाली होती आणि माझी सुपारी सुकून पडली होती.

संध्याकाळी मंडळी आली. वकिलांनी कोट घातला होता, पेशावरसमोर उघड्या अंगाने कसं बसायचं. हेडमास्तरांनी नकाशा आणला आणि पेशावर कुठे आहे ते काडीने दाखवलं. शेठजींनी फक्त जेवण केव्हा आहे ते विचारलं. माझ्या वयाला पडदा कोणी विचारत नाही, म्हणून मी सोप्यातच भिंतीला टेकून सुपारी कातरत बसले. गंगाबाई माजघराच्या दाराआड.

भास्करने खुंटी फिरवली. मिरची. आणखी फिरवली. आणखी मिरची. मुंबई आली, तीही तापातून उठल्यासारखी. दिल्ली नाही, मद्रास नाही, लाहोरच्या बाईने तर कालच्या अपमानानंतर तोंडच दाखवलं नाही.

"लढाईमुळं होऊन राह्यलं," वकील म्हणाले. "जर्मन लोक हवेत काहीतरी सोडतात."

"नाही, नाही," हेडमास्तर म्हणाले. "हवेत बाष्प नाही. बाष्पाशिवाय ध्वनी चालत नाही."

"नवीन माल असाच असते," शेठजी म्हणाले. "जुन्या पेट्यांले वजन होतं."

नारायणरावांनी तर गजऱ्यावर दोष ठेवला. आज मोगरा नव्हता, चमेली होती. वसंता एकदा म्हणाला, "आमच्या चाकाची धाव बी..." आणि मी त्याच्याकडे पाहिलं तेव्हा गप्प बसला. मी सुपारी कातरत होते. एवढ्या शिकलेल्या लोकांच्या मध्ये मी काय बोलणार.

भास्कर एकटाच उठला. अंगणात जाऊन तारेकडे पाहिलं, बांबू हलवले. मग पहारीपाशी उकिडवा बसला आणि आळ्यातल्या मातीला हात लावला. बोटाने ढेकूळ उचलून दाबलं. त्याचा भुगा झाला.

नारायणरावांनी ते दारातून पाहिलं आणि आत वळून ओरडले, "अवो, पाणी नाही घातलं काय? एवढं एक काम तुमाले..."

गंगाबाई दारात आली. माझ्याकडे पाहिलं. मी सुपारीकडे पाहिलं. अडकित्ता माझ्या हातात होता, पण सुपारी कातरली जात नव्हती. सुमनचं काय ते आता ठरणार होतं.

भास्कर अंगणातूनच म्हणाला, "माय, इथं रोज तू पाणी घालते?"

"मग कोण, लाहोरची बाई येऊन घालते?" गंगाबाई म्हणाली.

वकील हसले. भास्कर हसला नाही. तो मातीकडे पाहत बसला, मग आईच्या दंडाकडे. "कुठून आणते?"

"आडातून. अजून कुठून?"

ज्याला पेशावरची दिशा काडी न धरता सांगता येते, त्याला घरातल्या पाण्याची वाट विचारावी लागली. पण त्याने विचारली. तो उठला, घागर घेतली आणि जिनात घालायच्या इस्त्रीच्या सदऱ्यासकट परसात गेला. नारायणराव मागे धावले.

"अरे, पाहुण्यांसमोर नवरदेव पाणी भरते काय?"

"कधी नाही भरलं म्हणून पेशावर येत नाही, बाबा," तो म्हणाला.

मला वाटलं होतं, तो आईसाठी गेला. तसं नाही. तो पेशावरसाठीच गेला. मला त्यात वावगं दिसत नाही. घरातलं पाणी भरलं म्हणजे झालं, मनात कोण आहे ते देव पाहील.

पण पाणी काढायचं कसब नव्हतं. घागरीच्या गळ्याला फास नीट बसवला नाही, गाठ रहाटावर अडली, त्याने हिसका दिला आणि घागर सुटून आडात. धपकन आवाज आला. वकील, हेडमास्तर आणि शेठजी तिघेही आडाभोवती गोळा झाले आणि वाकून पाहायला लागले. वकिलांनी सांगितलं की घागर बुडाली आहे.

मी गळ मागितला. प्रत्येक घरात आडातून भांडी काढायचा काटेरी गळ असतो. तो दोराला बांधून मी सोडला. सोडताना हातांनी दोर मोजत गेले, ती सवयच आहे. दुसऱ्या खेपेला घागरीचा काठ अडकला. वर ओढायला भास्करला लावलं. त्याचे तळहात सोलले. तेव्हा कुठे त्याला आईच्या दंडाचं कळलं असावं. फास कसा घालायचा ते मी एकदा दाखवलं. दुसरी घागर त्याने धडपणे काढली. सदरा सगळा भिजला होता.

खांबाला पाणी घातलं, मीठ घातलं. जमीन पीत होती तोवर वकील कोट सांभाळत घरी गेले. हेडमास्तरांनी नकाशा पसरला तो तसाच मांडीवर, आणि मान खाली. शेठजी जेवणासाठी थांबले.

मग दिल्ली आली, लाहोर आलं, आणि त्याच्या पलीकडे मिरचीच्या आत कुठेतरी एक माणूस खालच्या आवाजात काहीतरी वाचून दाखवत होता. तो थांबला, आणि मलाही ऐकू आलं, "पेशावर." हेडमास्तर झोपेतून म्हणाले, "वायव्य." नारायणराव उठून उभे राहिले. भास्करने खुंटीवरून हात काढला आणि तसाच बसला. या वेळी त्याने पुढे फिरवली नाही. पुढे काही राहिलंच नव्हतं.

"काय सांगून राह्यला तो माणूस?" मी विचारलं.

"माहीत नाही, आजी."

चांगलं काही असेल अशी आशा करायची. तेवढ्यात आतून गंगाबाईची हाक आली, "भास्कर, जेवाले ये."

"आलो, माय," तो म्हणाला.

उठला नाही. पण पहिल्याच हाकेला म्हणाला. आमच्या घरचे पुरुष तेवढंही म्हणत नाहीत. वसंताला विचारा.

परत

सकाळी निघताना मी गंगाबाईला सांगितलं, मुलगी दिली. नारायणराव म्हणाले, रेडिओ पाहून कोण नाही म्हणणार. मी त्यांना तसंच समजू दिलं. भास्कर आडावर होता. सोललेल्या हातांना चिंध्या बांधल्या होत्या. गाठ रहाटावर अडली होती आणि तो तिला काहीतरी समजावून सांगत होता.

वाटेत वसंता म्हणाला, जावयाला घड्याळ द्यावं, नाही तर अंगठी. कारंज्याचा मुलगा आहे, कमी पडायला नको. मी मंगरूळच्या बाजारात छकडा थांबवला. दोरवाल्याकडे अंबाडीचा पीळदार दोर होता. गाठ नसलेला, एकसंध. आडात गळ सोडताना मोजलेले हात मला आठवत होते. दोरवाल्याने तेवढा मोजला आणि कापायला सुरी घेतली.

"थांब," मी म्हटलं. "अजून चार हात सोड. पुढच्या वैशाखात पाणी अजून खाली जाईन."